दृष्टी अधू असलेली मुलगी बी.ए.ला गेली, परीक्षेला रायटर (लेखनिक) मिळणार म्हणतात, पण वर्षभराचं काय? सोलापुरात कुणाला अनुभव?

टॉवेलवाला

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसता वाचत होतो, पहिल्यांदाच धागा काढतोय. चूकभूल द्यावी घ्यावी.

माझी मुलगी यंदा बारावी होऊन बी.ए. पहिल्या वर्षाला गेली. घरात आम्ही तेलुगू, शाळा तिची मराठी माध्यमाची, मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. मुलीला रेटिनायटिस पिग्मेंटोसा आहे. जरा समजावून सांगतो, कारण निम्मी गोची तिथंच आहे. डोळ्याच्या पडद्यावरच्या कडेच्या पेशी आधी जातात. त्यामुळं सुरुवातीला अंधारात दिसेनासं होतं, मग बाजूचं जातं, आणि नळीतून बघावं तसं समोरचं एवढंसं गोल उरतं. त्या गोलात जे येतं ते तिला मोठ्या अक्षरात वाचता येतं. त्या गोलाबाहेरची बादली दिसत नाही, पायरी दिसत नाही, शेजारी उभी असलेली आईसुद्धा दिसत नाही.

पहिल्याच आठवड्यात एका सरांनी भर वर्गात विचारलं, "मोबाईल दिसतो आणि फळा दिसत नाही होय?" पोरगी घरी येऊन काही बोलली नाही. दोन दिवसांनी कळलं, की तिनं वर्गात मोबाईल काढायचंच बंद केलंय. आणि फळ्याचा फोटो काढून तो बोटांनी मोठा करून वाचणं हाच तर तिचा वाचायचा मार्ग होता.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र आहे, यूडीआयडी हे सरकारी ओळखपत्र आहे, प्रवेशही राखीव जागेतून व्यवस्थित झाला. ऑफिसमध्ये विचारलं तर क्लार्क म्हणाले, "काळजी करू नका, परीक्षेला रायटर मिळतो, तेव्हा अर्ज द्या." चांगली माणसं आहेत, तक्रार नाही. पण परीक्षा म्हणजे वर्षातून मोजून काही दिवस. बाकीचे दिवस ती काय वाचणार? सर नोट्स व्हॉट्सॅपवर टाकतात. कधी हस्ताक्षरातल्या वहीचा वाकडा फोटो, कधी पीडीएफ. मोबाईलला वाचायला लावलं तर तो मराठी सोडून कंस, डॉलर, टक्के असलं काहीतरी बडबडतो.

कॉलेजकडं नेमकं काय मागायचं, कुणाकडं आणि कसं? कॉलेजचं नाव विचारू नका.

पांढरीकाठी

काका, तुमचा प्रश्न वाचून वीस वर्षं मागं गेलो. मी जन्मांध, सोलापुरातच बी.ए. केलं, आता बँकेत आहे. माझ्या वेळी मोठी बहीण पुस्तकं कॅसेटवर वाचून द्यायची. घर साखर पेठेत, शेजारी यंत्रमाग. समाजशास्त्राच्या सगळ्या कॅसेटमध्ये तिच्या आवाजामागं खटखट खटखट चालू. दुर्खीमचं नाव निघालं की मला अजून माग ऐकू येतो.

आता मुद्द्याचं. तुमचा मोबाईल बिघडलेला नाही, फाईल बिघडलेली आहे. श्रीलिपी, कृतिदेव असल्या जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर 'क' दिसतो, पण आत साठवलेलं असतं इंग्रजी अक्षर नाहीतर चिन्ह. डोळ्यांना मराठी दिसतं. वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मात्र आत काय आहे तेच वाचतं. म्हणून तो डॉलर. त्याच नोट्स युनिकोडमध्ये, म्हणजे आतही मराठी अक्षरच साठवणाऱ्या पद्धतीत दिल्या तर मोबाईलमधला टॉकबॅक सरळ वाचून दाखवतो. कॉम्प्युटरला एनव्हीडीए हे वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर घाला, फुकट आहे. त्यातला मराठी आवाज रोबोसारखा आहे, पहिले चार दिवस वैताग येतो, मग कान बसतो. मी तर दुप्पट वेगानं ऐकतो, बायको म्हणते घरात भांडण चालल्यासारखं वाटतं.

तेव्हा पहिली मागणी ही करा: पीडीएफ नको, टाईप केलेली मूळ वर्ड फाईल द्या. जुन्या फॉन्टमधली असली तरी चालेल, तिचं युनिकोड करून देणारे कन्व्हर्टर फुकट मिळतात. जोडाक्षरं आणि रफार थोडे फिसकटतात, ते हातानं सुधारावे लागतात. वहीचा फोटो मात्र गूगल ड्राइव्हवरून अक्षर ओळखायला लावला तरी छापील मजकुराइतका नीट येत नाही. हस्ताक्षर सरांचं असेल तर सोडूनच द्या.

पुस्तकांसाठी 'सुगम्य पुस्तकालय' म्हणून ऑनलाइन ग्रंथालय आहे, २०१६ पासून. नोंदणीला प्रमाणपत्र लागतं. विद्यापीठाचं प्रत्येक क्रमिक पुस्तक तिथं सापडेल असं समजू नका. जे नसेल ते स्कॅन करून घ्यायचं. कॉलेजचे ग्रंथपाल "कॉपीराइट आहे, स्कॅन करता येणार नाही" म्हणाले तर शांतपणे सांगा, की २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यातच ही सूट आहे. अपंग व्यक्तीला वाचता येईल अशा रूपात पुस्तक करून देता येतं, फक्त ते विकून नफा कमवायचा नाही.

आणि सगळं लेखी द्या. तोंडी बोललेलं सोलापूरच्या पावसासारखं असतं, येतो म्हणतो आणि बार्शीकडून निघून जातो. दोन प्रती करा, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या.

खडू_आणि_फळा

मी तो सर नाही, पण त्याच जातकुळीचा आहे, म्हणून लिहितो.

जिल्ह्यातल्या एका कॉलेजात भूगोल शिकवतो. वर्गात पटावर शंभरच्या वर. कॉलेजवर शिकवायला बी.एड. लागत नाही, नेट-सेट परीक्षा पास झाली की उभे राहा फळ्यापुढं. दृष्टी अधू असलेल्या मुलीला कसं शिकवायचं हे मला कुणी कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. हे समर्थन नाही, परिस्थिती सांगतोय. "मोबाईल दिसतो, फळा दिसत नाही होय" हे वाक्य दहा वर्षांपूर्वी माझ्याही तोंडून गेलं असतं. आपल्या डोक्यात आंधळा म्हणजे पूर्ण काळोख, नाहीतर चष्मा. मधलं काही असतं हेच ठाऊक नसतं.

तीन वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक पूर्ण अंध मुलगा आला. पहिल्या तासाला मी नकाशा लावून सांगत होतो, "ही नदी इकडून अशी येते आणि ही तिला इथं मिळते." तास संपल्यावर तो जवळ येऊन म्हणाला, "सर, इकडून म्हणजे कुठून?" त्या दिवशी घरी जाऊन मी माझं सगळं शिकवणं मनात पुन्हा ऐकलं. दर मिनिटाला एक 'इकडं' आणि एक 'असं'.

मग पुठ्ठा घेतला, त्यावर जिल्हा काढला आणि फेविकॉलनं दोरे चिकटवले. भीमेला चादरीचा जाड धागा, सीनेला बारीक, उजनीला शर्टाचं बटण. हौसेनं तालुक्यांच्या सीमा, रेल्वे, महामार्ग, सगळंच घातलं. त्यानं बोटं फिरवली आणि म्हणाला, "सर, हे तर नुसतं गुंतवळ झालंय." खरंच होतं. डोळा एका नजरेत वेगळं करतो ते बोटाला जमत नाही. दुसऱ्या पुठ्ठ्यावर फक्त दोन नद्या आणि धरण ठेवलं. पंढरपूरपाशी भीमेचा बाक बोटाखाली आला तेव्हा तो थांबला, परत मागं गेला, परत आला. म्हणाला, "म्हणून चंद्रभागा म्हणतात होय!" पंढरपूरच्या शेजारच्याच गावचा पोरगा तो.

काका, तुम्ही त्या सरांना एकदा भेटाच. भांडायला नाही. एक कागद गुंडाळून नळी करून न्या आणि म्हणावं, एक डोळा मिटून यातून तुमचा वर्ग बघा.

टॉवेलवाला

सर, नळीची युक्ती भारी आहे. बघतो.

पांढरीकाठी दादा, फाईलचं आज कळलं. आम्ही दोन महिने मोबाईलच्या सेटिंगमध्ये डोकं खुपसून बसलो होतो.

शंकासुर

राग येऊ देऊ नका, पण एक विचारायचंय. माझा मुलगाही बी.ए.ला आहे, त्याचं अक्षर हळू, दर वेळी शेवटचा प्रश्न सुटतो. त्याला कुणी जादा वेळ देत नाही. अपंग मुलांना परीक्षेत एक तास जास्त आणि वर लिहायला दुसरा माणूस, मग बाकीच्यांनी काय पाप केलं? आणि रायटर हुशार आणून पेपर सोडवून घेतात हेही आपण ऐकतो. खोट्या प्रमाणपत्रांच्या बातम्या तर रोजच्या.

लेखनिका

राग कशाला, उत्तर देते. मी दोन वर्षं लेखनिक म्हणून बसले आहे. तेव्हा मी अकरावी-बारावीत, पेपर बी.ए.चे. तेव्हाच्या नियमानं आपला लेखनिक आपण आणला तर त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खालचं असावं लागायचं, म्हणून बी.ए.वाल्यांना बारावीच्या आसपासची पोरं शोधावी लागायची. आणि नेमकी तेव्हाच त्या पोरांच्या डोक्यावर स्वतःची परीक्षा नाहीतर सीईटी असायची. रायटर मिळवणं किती अवघड आहे हे पेपर सोडवून घेण्याच्या गप्पा मारणाऱ्यांना माहीत नसतं.

आता तो एक तास कुठं जातो ते ऐका. मी प्रश्नपत्रिका मोठ्यानं वाचायची. जिचा पेपर ती ताई म्हणणार, तिसरा परत वाच. मग ती सांगणार, मी लिहिणार. 'माँटेग्यू-चेम्सफर्ड' हे नाव मी आयुष्यात ऐकलेलं नव्हतं, तिनं एकेक अक्षर फोडून सांगितलं, आणि त्या पेपरात ते चारदा आलं. मग लिहिलेलं परत वाचून दाखवायचं. मधे ती म्हणणार, दुसऱ्या परिच्छेदात एक वाक्य राहिलं, मी जागा शोधणार. डोळे असलेला माणूस पान उलटून दोन सेकंदांत करतो ते आम्हाला दोन मिनिटं. तासाला वीस मिनिटं म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. तोही पुरला नाही.

आणि सोडवून देण्याबद्दल. एका उत्तरात तिनं पुणे कराराचं साल १९३१ सांगितलं. मला १९३२ पाठ होतं, शाळेत झालं होतं. पेन थांबलं. ती म्हणाली, "काय झालं, लिही ना." सुचवायचं नाही हा नियम. मी १९३१ लिहिलं. आजही ती भेटली की मला तो आकडा आठवतो, तिला मी कधी सांगितलेलं नाही.

आम्हाला बसवलं कुठं होतं माहितीये? जिन्याच्या वळणावर. बोलण्यानं बाकीच्यांना त्रास होतो म्हणून वेगळी जागा पाहिजे हे बरोबर, पण खोली उघडायला किल्लीवाला शिपाई आला नव्हता. एप्रिल महिना, पंखा नाही, वरून खाली जाणारी पोरं आमच्या पेपरात डोकावून जायची.

पांढरीकाठी

शंकासुर साहेब, गैरप्रकार होतात, नाही म्हणत नाही. ते झाले की सगळ्यात आधी आमच्याच पोटावर पाय येतो, पुढच्या वर्षी पर्यवेक्षक आमच्याकडं चोरासारखा बघतो. पण रेल्वेत विनातिकीट प्रवासी सापडतात म्हणून सोलापूर-पुणे गाडी बंद करत नाहीत.

तुमच्या मुलाबद्दल मात्र गंभीरपणे सांगतो. अक्षर हळू आहे म्हणता, ते नुसतं हळू आहे की लिहिताना हात आखडतो, अक्षरं उलटसुलट होतात, हे एकदा तपासून घ्या. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात निकाल दिला. त्या उमेदवाराला लिहिताना बोटं आखडण्याचा त्रास होता आणि अपंगत्व ४० टक्के भरत नाही म्हणून लेखनिक नाकारला होता. न्यायालय म्हणालं, ४० टक्क्यांची अट आरक्षणासाठी असेल, लेखनिकासाठी ती लावता येणार नाही. त्यावरून केंद्रानं ऑगस्ट २०२२ मध्ये अशा उमेदवारांसाठी वेगळ्या मार्गदर्शक सूचना काढल्या. लिहिण्यात अडचण आहे असा सरकारी वैद्यकीय दाखला मात्र लागतो.

शंकासुर

हे माहीत नव्हतं. बोटांचं नाही, पण तो वाचतानाही अडखळतो, लहानपणापासून. आम्ही आळशीपणा समजायचो. मारलंयसुद्धा.

दोघांची_आई

शंकासुर दादा, मीही मारलंय. म्हणून लिहायला बसले.

माझ्या धाकट्याला अध्ययन अक्षमता आहे, डिस्लेक्सिया म्हणतात ते. तोंडी विचारा, घडाघडा सांगतो. लिहायला बसवा, 'परिस्थिती'चं 'परीथिस्ती'. सातवीपर्यंत आम्ही त्याला ढ समजलो. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते, त्यात हे नव्हतं. २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले, त्यात हे आलं. दाखल्यासाठी तपासण्या बऱ्याच, बुद्ध्यांक वेगळा, वाचन-लेखनाच्या चाचण्या वेगळ्या, आम्हाला दोनतीनदा पुण्याच्या फेऱ्या पडल्या. पण दहावीला त्याचा उपयोग झाला.

पुढचं मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. डिप्लोमाला गेला आणि म्हणाला, "आई, मी कॉलेजात कागद देणार नाही." का? तर वेगळ्या खोलीत बसवतात, बाहेर आलं की पोरं विचारतात, तुला काय झालंय, तू तर धडधाकट दिसतोस. पहिल्या सेमिस्टरला दोन विषय राहिले. मग एका मॅडमनी त्याला केबिनमध्ये बोलावून विचारलं. वर्गात नाही, केबिनमध्ये, हे महत्त्वाचं. ठरलं असं की अंतर्गत चाचण्यांत त्यानं आधी उत्तरं तोंडी सांगायची आणि शुद्धलेखनाचे गुण कापायचे नाहीत. वर्गात कुणालाच कळलं नाही. दुसऱ्या सेमिस्टरला त्यानं स्वतःहून अर्ज दिला.

म्हणून टॉवेलवाले दादा, अर्जात एक ओळ घाला: मुलीची माहिती संबंधित शिक्षकांपुरतीच ठेवावी. आमच्याकडं एका सरांनी कौतुक म्हणून भर वर्गात जाहीर केलं होतं. कौतुकच होतं ते, पण पोरगा आठ दिवस कॉलेजला गेला नाही.

चारचाकी

सगळे वाचण्या-लिहिण्याचं बोलताय, मी जरा खालच्या पातळीवर येतो. व्हीलचेअरची पातळी.

माझ्या कॉलेजात रॅम्प होता. फोटोत छान दिसायचा. तीन पायऱ्या, प्रत्येक सहा इंचाची, म्हणजे दीड फूट उंची. नियम एकास बारा, म्हणजे एवढ्याला अठरा फूट लांब रॅम्प पाहिजे. आमचा होता सहा फूट. त्याला रॅम्प नाही, घसरगुंडी म्हणतात. वर चढवायला दोन मित्र आणि उतरताना देवाचं नाव. त्याच्या तोंडाशी प्राचार्यांची गाडी लागायची ते वेगळंच.

आणि संडास. मुली, आई-वडील सगळे वाचतायत, तरी लिहितो, कारण हे कुणी लिहीत नाही. दार अडीच फुटाचं, आत उघडणारं. चेअर आत गेली की दार लागत नाही. तीन वर्षं मी सकाळी आठला घोटभर पाणी पिऊन निघायचो आणि दुपारी दोनला घरी येऊन तांब्याभर प्यायचो. सोलापूरचा एप्रिल तुम्हाला माहीत आहे, बेचाळीस-त्रेचाळीस. दुसऱ्या वर्षी मूत्रमार्गाला संसर्ग होऊन आठ दिवस ॲडमिट. डॉक्टर ओरडले, पाणी का पीत नाही. काय सांगणार, कॉलेजचं दार आत उघडतं म्हणून?

ज्याला एक पैसा लागत नाही तेही सांगतो. माझा वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता. लिफ्टसाठी निधी नाही, प्रस्ताव पाठवलाय, हे वर्षभर चाललं. शेवटी वेळापत्रक करणारे सर म्हणाले, "अरे, तुझी तुकडीच खाली आणू की." पेन्सिलीनं दोन खोल्यांची अदलाबदल केली. दहा मिनिटं. वर्षभर ते कुणाला सुचलं नव्हतं, मलाही नाही. मी लिफ्टच मागत बसलो होतो.

मागताना वस्तू मागू नका, अडचण सांगा. वस्तूला निधी लागतो, अडचणीला कधी कधी पेन्सिल पुरते.

ऐकू_येतंय_का

चारचाकी भावा, एक नंबर लिहिलास.

मला कमी ऐकू येतंय, दोन्ही कानाला मशीन. लोकांना वाटतं मशीन लावलं की झालं. अहो, मशीन सगळंच मोठं करतंय की. आमच्या वर्गात पाच पंखे, त्यातले दोन कुरकुर करणारे. मला सर ऐकू येण्याच्या आधी पंखा ऐकू येतोय. मग मी ओठ बघतो. तर सर फळ्याकडं तोंड करून बोलायलेत. एक सर समोर बघतात तर त्यांची मिशी वरच्या ओठावर हीऽ एवढी. त्यांच्या विषयात मी काठावर पास, दोष मिशीचा.

मोबाईलमध्ये लाइव्ह ट्रान्सक्राइब म्हणून आहे, बोललेलं लिहून दाखवतंय, मराठीपण. पुढच्या बाकावर ठेवतो. ऐंशी टक्के चालतंय, बाकीचं स्वतःच्या मनानं. इतिहासाच्या तासाला चंद्रगुप्त मोर आला होता. पण सरांनी मोबाईल ठेवायला परवानगी लेखी द्यायला पाहिजे, नाहीतर नवीन कुणी आलं की आधी मोबाईल जप्त. काका, तुमच्या पोरीचंपण तेच होणार बघा, फळ्याच्या फोटोचं. अर्जात ते घालाच.

तोंडी परीक्षेचं एक राहिलं. मला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रश्न विचारले, मास्क लावून. मी म्हटलं ऐकू येत नाही. ते मोठ्यानं बोलले, मास्कमधूनच. शेवटी आमच्या मॅडमनी कागद पुढं सरकवला, लिहून द्या म्हणून. पाचपैकी साडेचार उत्तरं बरोबर आली. अर्धं का गेलं ते अजून कळलं नाही.

पांढरीकाठी

आता अर्जाला हाडं घालू या. काका, कायद्याचं नाव घाला: दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. (मला स्वतःला 'दिव्यांग' शब्द फारसा मानवत नाही, माझ्या अंगात दिव्य असं काही नाही, पण सरकारी कागदावर तोच चालतो.) कलम १६ मध्ये सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थांबद्दल आहे: इमारत वापरता येण्याजोगी असावी, विद्यार्थ्याच्या गरजेनुसार सोय करून द्यावी. कलम १७ मध्ये परीक्षेतला वाढीव वेळ आणि लेखनिक. कलम ३२ म्हणजे उच्च शिक्षणातल्या पाच टक्के जागा, ज्यातून तुमचा प्रवेश झाला. गंमत बघा, ३२ सगळ्या कॉलेजांना पाठ असतं कारण ते प्रवेशाच्या तक्त्यात येतं. १६ कुठल्याच तक्त्यात येत नाही. शिवाय यूजीसीनंही (विद्यापीठ अनुदान आयोगानं) २०२२ मध्ये विद्यापीठं आणि कॉलेजांसाठी सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत.

कॉलेजकडून हललं नाही तर विद्यापीठ, तिथंही नाही तर पुण्याला राज्याचे दिव्यांग आयुक्त. पण सुरुवातीलाच आयुक्तांचं नाव काढू नका. मी तरुणपणी काढलं होतं. काम झालं, पण तीन वर्षं ऑफिसात मला कुणी चहा विचारला नाही.

खडू_आणि_फळा

आणखी एक, परीक्षा फॉर्म भरतानाच लेखनिकाचं बघा. आठवडाभर आधी आलेला अर्ज घेऊन आम्ही केंद्रावर पळापळ करतो आणि मग जिन्याचं वळण वाट्याला येतं. विद्यापीठाच्या परीक्षा विभागाचं सध्याचं परिपत्रक कॉलेजमधून मागून घ्या, त्यात कुठला नमुना जोडायचा ते असतं.

टॉवेलवाला

पंधरा दिवसांनी येतोय, माफ करा. गणपतीत ऑर्डरची घाई होती.

अर्ज दिला. मुलीनं स्वतः लिहिला, मी नुसता सोबत गेलो. एका पानाचा. त्यात लिफ्ट, मशीन, निधी असलं काही नाही. नोट्स टाईप केलेल्या फाईलमध्ये मिळाव्यात, वर्गात मोबाईलनं फळ्याचा फोटो काढायला परवानगी, फळ्यावरचं लिहिताना तोंडानं म्हणावं, पहिल्या बाकावर मधली जागा, माहिती शिक्षकांपुरती. आणि तिचं तिनं एक घातलं जे मला सुचलं नव्हतं: शेवटचा तास. तो साडेपाचला संपतो, आभाळ भरलं की आणि नोव्हेंबर-डिसेंबरात तर नेहमीच साडेपाच-सहाला अंधारतं, तिला गेटपर्यंतचा रस्ताच दिसत नाही. आतापर्यंत तो तास ती पोट दुखतंय म्हणून बुडवायची. आम्हाला वाटायचं, विषय आवडत नसेल.

प्राचार्य बाईंनी वाचलं. म्हणाल्या, "एवढंच?" मग त्यांनी क्लार्कना बोलावून प्रत सगळ्या सरांना द्यायला सांगितली. शेवटचा तास हलवता येत नाही म्हणाल्या, तीन वर्गांचं गणित आहे, पण व्हरांड्यातले दोन बंद दिवे त्याच आठवड्यात लागले. दोन मैत्रिणी गेटपर्यंत येतात. माझी एम-८० गाडी गेटच्या आत आणायला वॉचमननं मुभा दिलीय.

त्या सरांकडं कागदाची नळी घेऊन गेलो होतो. खिशातून काढायच्या आधीच ते म्हणाले, "अर्ज वाचला. मला माहीत नव्हतं." नळी तशीच परत आणली, धाकटा तिच्यातून चंद्र बघतो.

सगळं झालंय असं नाही. एक सर अजून वहीचे फोटोच टाकतात, टाईप येत नाही म्हणतात. ग्रंथालयात विचारलं तर स्कॅनर आहे, चालवणारा रजेवर आहे. इतिहासाच्या मॅडमनी मात्र कालच पहिल्या प्रकरणाची फाईल पाठवली, युनिकोडमध्ये. रात्री मुलगी अंधारात पडून ऐकत होती. लाईट लावू का विचारलं तर म्हणाली, कशाला.

आता एक अडचण. त्या फाईलमध्ये सनावळ्या कोष्टकात आहेत. मोबाईल आधी सगळी सालं वाचतो, मग सगळ्या घटना. कुठलं साल कशाचं तेच कळत नाही. काय करायचं?

पांढरीकाठी

कोष्टक मोडा. एका ओळीत साल, पुढं घटना, पूर्णविराम. दुसरी ओळ. मॅडमना पुढच्या प्रकरणापासून तसंच टाईप करायला सांगा. ही फाईल मला मेल करा, रविवारी करून देतो.

लेखनिका

मीपण आहे. वहीचे फोटो मला द्या, टाईप करते. सरांचं अक्षर कसं आहे?

टॉवेलवाला

डॉक्टरांसारखं.

लेखनिका

चालेल. साल चुकलं असेल तर या वेळी दुरुस्त करणार.